एकशे एकवीस चिंचोके

अमरावती,
२५ फेब्रुवारी १९६२

प्रिय आत्या,

तुझ्या द्वारकाचा नमस्कार. पत्राला महिना लागला त्याचं कारण आळस. बाबांना मात्र अभ्यास होता असं कळवलं आहे, तू फोडू नकोस.

परवा इथे मतदान झालं. आमच्या वर्गात मत कोणालाच नाही, मला एकवीसची व्हायला अजून तीन वर्षं आहेत, तरी सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. नागरिकशास्त्राचे सर म्हणाले, पुस्तकं मिटा आणि आपापल्या गावातली एखादी निवडणूक सांगा. कोणी तोंड उघडेना. शेवटी मीच उठले आणि आपल्या घरची सांगितली.

तुला ती पाठ आहे, पण मी कशी सांगितली ते ऐक. म्हटलं, अठ्ठेचाळीस साली आमच्या जानेफळात पंचायतीची निवडणूक लागली. वरच्या आळीतून पंच म्हणून माझे आजोबा पुंजाजी उभे आणि समोर बांगड्यांचे व्यापारी गुलाम रसूल. चिठ्ठी नाही, पेटी नाही. शाळेच्या खोलीत साहेब बसलेले. एकेकाने आत जायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याचं नाव तोंडाने सांगायचं. आजीची पाळी आली. आता नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? ती आत गेली, पदर तोंडाशी धरून तशीच मुकाट्याने बाहेर आली, आणि आजोबा एका मताने पडले. एकसष्ट विरुद्ध साठ.

वर्ग हसून लोळला. मीही हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "आत काय झालं, हे तुझ्या आजीला कोणी विचारलं का?"

मी म्हटलं, सगळ्या गावाला माहीत आहे. ते म्हणाले, गावाचं कळलं, मी आजीचं विचारतो आहे.

खाली बसले तेव्हा कान तापले होते. आत्या, तू तिची पोटची मुलगी. तू तरी कधी विचारलंस का?

तुझी,
द्वारका


वडनेर भोलजी,
३ मार्च १९६२

चि. द्वारका हिस आशीर्वाद.

नाही विचारलं. तेव्हा मी इथे सासरी होते, आणि तुझ्या बापाचं, म्हणजे आमच्या नारायणाचं पत्र आलं त्यात सगळी हकिकत होती. विचारण्यासारखं त्यात काय होतं? मला ते साहजिकच वाटलं. अगं, मी सातवी शिकले, ट्रेनिंग केलं, बारा वर्षं मास्तरीण आहे. माझ्या चौथीच्या वर्गात आमच्या ह्यांच्याच नावाचा एक मुलगा आहे. हजेरी घेताना मी त्याला आजवर नावाने पुकारलेलं नाही. "खिडकीतला" म्हणते, आणि तो बिचारा "हजर" म्हणतो. मध्यंतरी शाळा तपासायला साहेब आले, तर त्यांनी हजेरीपट उघडून खिडकी कुठे लिहिली आहे ते शोधलं. माझी ही तऱ्हा, मग तुझ्या आजीने बिचारीने त्या साहेबापुढे काय करावं?

एक मात्र सांगून ठेवते. हा विषय नारायणापुढे काढू नकोस. त्या दिवशी तो चोवीस वर्षांचा होता आणि बापासाठी महिनाभर दारोदार हिंडला होता. मतदानाला सकाळपासून शाळेच्या दाराशी उभा. आत जाईल त्या माणसामागे एक चिंचोका सदऱ्याच्या खिशात टाकायचा. एकशे एकवीस चिंचोके झाले. तो आकडा तो आजही छातीठोकपणे सांगतो आणि पाठोपाठ ताटावरून उठतो. गुलाम रसूलचाचांशी त्याने त्या दिवसापासून बोलणं टाकलं आहे. एकाच आळीत राहून चौदा वर्षं न बोलणं हे सोपं काम नव्हे, पण आमचा भाऊ चिवट आहे.

तू परीक्षेकडे बघ. लिंबाचं लोणचं पाठवते आहे, ते मैत्रिणींना आठ दिवस पुरव.

तुझी आत्या,
सत्यभामा


अमरावती,
९ मार्च १९६२

प्रिय आत्या,

लोणचं तीन दिवसांत संपलं. आता महत्त्वाचं. तुझं पत्र वाचता वाचता मी अंथरुणातून उठून बसले. एकशे एकवीस माणसं आत गेली. आजोबांना साठ मतं, रसूलचाचांना एकसष्ट. बेरीज कर.

एकशे एकवीसच होते ना? मग आजीचं मत वाया गेलं कसं? ती काहीच न बोलता बाहेर आली असती, तर मोजणीत एकशे वीसच मतं निघायला हवी होती. चौदा वर्षं बाबा हा आकडा सांगताहेत आणि चौदा वर्षांत आपल्या घरात कोणी बेरीज केली नाही. आत्या, आजीने आत कोणाचं तरी नाव घेतलं आहे.

मला झोप येत नाही. सरांना सांगितलं तर ते खूश झाले, म्हणाले, आता अंदाज करत बसू नकोस, विचार. आजीला पत्र लिहून उपयोग नाही, ते वाचून दाखवायला बाबाच बसतील. म्हणून तुला साकडं घालते. पाडव्याला तू माहेरी जाणार आहेस ना? तू विचार.

आणि एक. बी. ए. ला मला राज्यशास्त्र घ्यायचं आहे. आजवर वाटत होतं की राज्य म्हणजे दिल्ली आणि मुंबई. आता वाटतं, आपल्या आळीत, शाळेच्या त्या खोलीत जे झालं तेही राज्यच, आणि त्याचं शास्त्र मला कळायला पाहिजे. विषयांचा अर्ज पालकाच्या सहीने वीस एप्रिलच्या आत द्यायचा आहे. तो मी बाबांना आजच्याच टपालाने पाठवते आहे.

द्वारका


अमरावती,
३० मार्च १९६२

आत्या,

बाबांचं उत्तर आलं. चार ओळी. जशाच्या तशा उतरवते. "अर्थशास्त्र घे, संस्कृत घे, काहीही घे. राजकारण शिकायचं नाही. ज्या घराला स्वतःचं एक मत सांभाळता आलं नाही, त्या घराने त्या वाटेला जाऊ नये. अर्ज माझ्यापाशी आहे, विषय बदलून कळव, सही करतो."

मी रडले, हे तुझ्यापाशी लपवत नाही. नंतर रागही आला. मी विषय बदलणार नाही. सही नाही मिळाली तर वर्ष जाईल आणि बाबा मला घरी बोलावून घेतील, हेही मला ठाऊक आहे. आता तूच काय ते बघ.

द्वारका


जानेफळ,
७ एप्रिल १९६२

चि. द्वारका,

बस खामगावला दोन तास खोळंबली, पण पोहोचले. नारायणाशी तुझ्या अर्जाचं बोलले. तो म्हणाला, "अक्का, तू मास्तरीण शाळेत." तेव्हा ते तूर्त राहू दे.

तुझ्या आजीला एकटीला गाठणं म्हणजे दिव्य. पाडव्याच्या दिवशी पुरण, दुसऱ्या दिवशी पाहुणे. काल दुपारी ती घराच्या धाब्यावर, वरच्या सपाट छपरावर, कुरडया घालायला चढली, मी मागोमाग. मी सोऱ्या दाबत होते, ती कुरडया सारख्या करत होती. खाली अंगणात आजोबा खाटेवर झोपले होते, नारायण शेतात, वहिनी चुलीपाशी. मी तुझी बेरीज सांगून सरळच विचारलं, मग तुझं मत वाया गेलं कसं?

तिने हातातली कुरडई आधी नीट ठेवली. मग म्हणाली, "वाया काऊन जाईन? देलं ना मी."

"कोनाले?"

"गुलाम रसूलले."

सोऱ्या माझ्या हातून निसटला तो धाब्यावरून थेट अंगणात, आजोबांच्या खाटेशी पडला. नशीब, ते जागे झाले नाहीत.

द्वारके, पुढचं मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते नीट उतरणार नाही. म्हणाली, "तीस वर्सं त्याईच्या घरात काढली होती मी. मले माहीत नाही का? ह्या मानसाले कोनाले नाही म्हनता येत नाही. सरकारी हीर येनार होती. पाटील आधीच घरी येऊन गेले, म्हने हीर माह्या मळ्यापाशी झाली पाहिजे. हे म्हनले, पाहू ना. मी चुलीपाशी बसून आयकत होती. ह्याईचं पाहू ना म्हंजे हो असते. मंग वरच्या आळीतल्या बायाईनं पानी कुठून आनाव? रसूलची जीभ कडू आहे, पन तो पाटलाले तोंडावर नाही म्हनते. म्हनून साह्यबानं इचारलं त मी रसूलचं नाव घेतलं."

आणि विहीर झालीच ना वरच्या आळीत. निवडून आल्यावर दुसऱ्याच वर्षी गुलाम रसूलचाचांनी ती आणली. त्याच विहिरीचं पाणी नारायण तेरा वर्षं पितो आहे आणि ज्याने आणलं त्याच्याशी बोलत नाही.

मी विचारलं, मग इतकी वर्षं लोक तुला लाजरी म्हणून हसले, तू गप्प का राहिलीस? ती म्हणाली, "लाजली म्हनलं त कोनी काही म्हनत नाही. समजून देलं म्हनलं असतं, त मले घरात राहू देलं असतं का?"

मी त्यानंतर एकही कुरडई धड घालू शकले नाही. मी बारा वर्षं नागरिकशास्त्र शिकवते. मताचा हक्क, गुप्त मतदान, सगळं फळ्यावर लिहून देते. आणि हे माझ्या आईने अक्षरओळख नसताना करून ठेवलं होतं, वर त्याबद्दल चौदा वर्षं हसणंही सोसलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, धूर लागला का.

नारायणाला सांगू नको म्हणाली, त्याच्या जिवाला लागेल. म्हणून मी गप्प आहे.

तुझी आत्या


अमरावती,
१० एप्रिल १९६२

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मग खोलीतल्या दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांतली शबाना मलकापूरची आहे. ती म्हणाली, तुझ्या आजीला एकदा भेटायला पाहिजे. मग आम्हा तिघींच्याही डोक्यात आपापली आजी आली.

मी वर्गात तिला हसले. हे मला विसरता येत नाही. सगळ्यांपुढे उभी राहून मी तिची गंमत केली, आणि ती मात्र त्या खोलीत माझ्यापेक्षा किती तरी पुढचा विचार करून गेली होती. आमच्या पुस्तकात मतदाराचं कर्तव्य म्हणून एक धडा आहे, दीड पानाचा. त्यात आजी कुठेच बसत नाही. मला तो धडा पुरा शिकायचा आहे आणि पुढे जमलं तर वाढवायचा आहे. लोक मत कसं ठरवतात, कोण कोणाला घाबरून गप्प राहतं, लाज म्हणतात ती खरी किती आणि नुसता पदर किती. हे शिकवणारं शास्त्र असेल तर तेच माझं.

पण आत्या, बाबांना खरंच सांगू नकोस. ते कोलमडतील. आपल्या आईनेच बापाला पाडलं, हे कळल्यावर सही तर राहिलीच, ते अर्ज चुलीत घालतील. मी वर्ष गेलं तरी सोसेन. आजीला त्रास नको.

द्वारका


जानेफळ,
१२ एप्रिल १९६२

चि. द्वारका,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. उशीर झाला. परवाच सगळं फुटलं, आणि माझ्या तोंडून नव्हे.

दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. मी पुन्हा अर्जाचं काढलं. नारायण तेच म्हणाला, ज्या घराला एक मत सांभाळता आलं नाही वगैरे. तेवढ्यात आजोबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "एक नाही बे नारायन. दोन."

त्या दिवशी खाटेवर ते झोपलेले नव्हतेच. धाब्यावरचं सगळं ऐकून डोळे मिटून पडले होते, आणि चार दिवस पोटात ठेवून होते. सोऱ्या डोक्यात पडता पडता वाचला, तो पहिलाच विषय त्यांनी काढला. मग म्हणाले, "तुही माय एकटी नाही. मी बी रसूललेच देलं."

तुझी आजी भाकरी वाढता वाढता थांबली. हे तिलाही नवीन होतं. आजोबा म्हणाले, "साह्यबानं इचारलं, मत कोनाले? आता सोताच्या तोंडानं सोताचं नाव कसं सांगाव? मले शरम लागली. म्हनून रसूलचं नाव घेतलं. मले वाटलं, त्यानं बी माह्यं घेतलं असन."

म्हणजे बघ. बायकोने समजून-उमजून नवऱ्याला पाडलं आणि नवऱ्याने भिडेपोटी स्वतःला पाडलं. आपलं घर नुसतं घरी राहिलं असतं तरी बासष्टला एकोणसाठ झालं असतं. मला हसू आवरेना. वहिनीने, म्हणजे तुझ्या आईने, पदर तोंडात कोंबला. आजी आजोबांना म्हणाली, इतकी वर्षं मला बोल लागत होता, तेव्हा तुमची जीभ कुठे गेली होती? आजोबा म्हणाले, तुझी जिथे गेली होती तिथेच.

नारायण उठला. हात धुतला आणि टोपी न घालता बाहेर पडला, तो थेट गुलाम रसूलचाचांच्या ओसरीवर. आता भांडण होणार म्हणून मी मागे धावले. चाचा आणि हुस्नबानोचाची बांगड्यांचे जोड लावत बसले होते. नारायण समोर उभा राहिला. चौदा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय बोलावं? म्हणाला, "चाचा, तुम्ही मत कोनाले देलं होतं?"

चाचांनी चष्मा वर केला. म्हणाले, "मलेच. उभा होतो ना बाप्पा. मंग नाव कोनाचं घेऊ?"

नारायण पायरीवर बसला आणि हसायला लागला. द्वारके, मी माझ्या भावाला इतकं हसताना लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर नाही. चाची पाणी घेऊन आल्या. तो पाणी प्याला, चहा प्याला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. विहिरीसाठी पाटलाने काय काय केलं ते चाचा सांगत होते आणि हा पोरासारखा ऐकत होता. माझ्याकडे कोणी लक्ष देईना, मग मी घरी आले.

पण तुझ्या अर्जाबद्दल तो अजून अवाक्षर बोललेला नाही. रात्री आजीच्या खाटेपाशी बराच वेळ बसून होता, मी तिकडे गेले नाही. माझी सुट्टी संपली. उद्या पहाटेच्या बसने निघते. वहिनीने जाता जाता माझ्याकडून एक काम करून घेतलं आहे, ते ती सांगेल तेव्हा तुला कळेल. वीस तारीख जवळ आली आहे, त्याचीच मला धास्ती आहे.

तुझी आत्या


जानेफळ,
१६ एप्रिल १९६२

चि. द्वारका हिस आशीर्वाद.

अर्ज या पत्रासोबत आहे. पाकीट रजिस्टर केलं आहे, म्हणजे वेळेत मिळेल.

अक्काने तुला सगळं लिहिलंच असेल, तिला राहवत नाही. तिला माहीत नाही ते लिहितो. मोजणी झाली त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्या आजीला म्हणालो होतो, तुझ्यासारख्या अडाणी बाईमुळे बापाची मान खाली गेली. तिने मला जेवायला वाढलं आणि मी जेवलो. चाचांकडून आलो त्या रात्री तिच्याजवळ बसून मी त्या शब्दांची माफी मागितली. ती म्हणाली, "तुले अजून आठोते? मी त तवाच सोडून देलं." मला ते खरं वाटलं नाही, आणि तिलाही ते मला खरं वाटावं अशी फार अपेक्षा नव्हती. पण तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अडतीस वर्षांच्या माणसाला ते बरं वाटतं, हे तुला पुढे कळेल.

मी त्या दिवशी दाराशी उभा राहून माणसं मोजली. कोणाच्या मनात काय आहे, हे मात्र एकालाही विचारलं नाही. तुझ्या शास्त्रात ते विचारायला शिकवत असतील तर शीक. चांगलं शीक.

काल मी तुझ्या आईला विचारलं, द्वारकेच्या अर्जाचं काय करावं? आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. पेरणीत काय पेरावं, तुला अमरावतीला धाडावं की नाही, कशातच मी तिला विचारलेलं नव्हतं. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सही करा. मी त होळीपासून म्हनून राह्यली, पन मनातल्या मनात." एवढं तयार उत्तर माझ्या घरात महिनाभर पडून होतं.

अर्जावर पालकाच्या सहीसाठी एकच ओळ आहे. मी माझी सही अर्ध्या ओळीत आवरली. उरलेल्या अर्ध्या ओळीत तुझ्या आईने केली आहे. अक्का तिला पाटीवर अक्षरं काढून देऊन गेली होती, तीन दिवस ती तीच गिरवत होती. अन्नपूर्णा हे नाव लांब आणि जोडाक्षरांचं, त्यामुळे ते ओळ सोडून समासात गेलं आहे. कॉलेजात कोणी म्हणालं की पालक एकच असतो, दोन सह्या चालत नाहीत, तर खोडू देऊ नकोस. तार कर. मी पहिल्या बसने येतो.

तुझे बाबा,
नारायण पुंजाजी